मुक्याचें औषधपाणी

माणसांच्या डॉक्टरांविषयीं कुरकूर करणें हा आम्हां पांढरपेशांचा जुना विरंगुळा आहे. दोन प्राध्यापक रिकाम्या तासाला एकत्र बसले, कीं तिसऱ्या वाक्याला कोणाच्या तरी अँजिओग्राफीचें बिल निघालेंच म्हणून समजावें. अलीकडे या विषयांत एका नव्या प्रकरणाची भर पडली आहे. आमच्या परभणीसारख्या गांवीं तीस-चाळीस वर्षांपूर्वीं कुत्र्यानें दारांत बसावें आणि मांजरानें चुलीमागें निजावें, एवढाच त्यांचा संसार होता. आतां तेथेंच प्राध्यापक, वकील व बँकेंतील अधिकारी आपापल्या कुत्र्यामांजरांच्या रक्ततपासणीचे आंकडे एकमेकांना सांगूं लागले आहेत. आणि त्या आंकड्यांच्या शेवटीं एक सुस्कारा व 'लूट आहे हो, दुसरें काय!' हें पालुपद ठरलेलें असतें. गेल्या दिवाळीपासून आमचाही सुस्कारा त्यांत मिसळूं लागला. तेव्हां हें पालुपद कितपत खरें आहे, याचा एकदां शांतपणें विचार करावा असें मनांत आलें.

आमच्या घरीं मोती म्हणून एक कुत्रा आहे. त्याचें कुल विचाराल तर तो मोंढ्यांतील एका आडत दुकानाच्या पायरीखालीं जन्मला. शील विचाराल तर तो वर्तमानपत्रवाल्यावर रोज न चुकतां भुंकतो, चोरावर भुंकण्याचा प्रसंग त्याला अद्याप आलेला नाहीं. बाजारांत त्याला कोणी फुकटही नेणार नाहीं. दिवाळीच्या सुटींत आम्ही उभयतां कन्येकडे एका मोठ्या शहरीं गेलों होतों, व मोतीही बरोबर होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें अन्न टाकलें, अंग तापलें, आणि पांचव्या दिवशीं सकाळीं नाकांतून रक्ताचे थेंब पडूं लागले. कन्येनें फोन करून जवळच्याच एका दवाखान्यांत वेळ ठरविली.

दवाखाना कसला, लहानसें हॉटेलच तें! थंड हवा, कांचेचे दरवाजे, भिंतीवर हंसऱ्या कुत्र्यांचीं चित्रें. टेबलामागच्या मुलीनें रोग्याचें नांव विचारलें. आम्हीं 'मोती' म्हणून सांगितलें. तिनें त्यापुढें आमचें आडनांव लिहिलें आणि थोड्या वेळानें हांक मारली, 'मोतीचे पप्पा, आत या!' तीस वर्षें वर्गांत मिल्टन शिकविल्यावर ही पदवी आम्हांस प्रथमच मिळत होती. आमच्या सौभाग्यवतींनीं पदरांत तोंड लपविलें.

डॉक्टर तरुण होते. हात हलका, बोलणें गोड. त्यांनीं आधीं एक रक्ततपासणी सांगितली, मग दुसरी. मग छातीचा फोटो, मग पोटाची सोनोग्राफी, आणि शेवटीं दोन रात्री 'अ‍ॅडमिट'. प्रत्येक नव्या तपासणीआधीं ते एकच वाक्य म्हणत, 'शेवटी तो तुमच्या घरातलाच मेंबर आहे ना?' या प्रश्नाला 'नाहीं' असें उत्तर देणारा मनुष्य आम्हांस एकदां पाहावयाचा आहे. रोग निघाला गोचीडताप. आमच्या मराठवाड्यांत हा कुत्र्यांना नेहमींच होतो. बिल झालें २१,६४० रुपयांचें. त्यांत सलाईन होतें, यकृताचें टॉनिक होतें, अंग धुण्याचा साबण होता, आणि तीन किलोंची विशेष खाद्याची एक पिशवी होती. मोतीनें त्या खाद्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. ज्या औषधानें तो खरोखर बरा झाला तें डॉक्सिसायक्लिन. तें माणसांच्या औषधाच्या दुकानांतही मिळतें; अठ्ठावीस दिवस द्यावयाचें, आणि साऱ्या यादींत सर्वांत स्वस्त ओळ त्याचीच.

डॉक्टरांनीं निदान चुकविलें असें आम्ही म्हणत नाहीं. निदान बरोबर होतें, आणि कुत्रा आज आमच्या पायाशीं निजला आहे. आमचें दुखणें निराळें आहे. स्वतःला कांहीं झालें तर आपण डॉक्टरांना म्हणूं शकतों, 'राहूं द्या तो फोटो, दोन दिवस पाहूं.' मुक्या जिवाच्या वतीनें तेंच म्हणूं लागलों तर आपल्यालाच आपण कसाई वाटूं लागतों. रोग्याला बोलतां येत नाहीं, मालकाला नाहीं म्हणतां येत नाहीं. आणि या दोन मुकेपणांच्या मध्यें दरपत्रक बसलेलें असतें. तेंही भिंतीवर कोठें लावलेलें नसतें.

या विद्येचा जन्म मात्र अगदीं वेगळ्या हिशेबांत झाला होता. १८८६ मध्यें मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. १८८९ मध्यें पुण्यास सरकारी जंतुप्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्यें ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरास गेली. या सर्व खटाटोपांत कुत्र्यामांजरांचा विचार फारसा नव्हता. बुळकांडीनें गुरांचे कळपच्या कळप मरत, आणि बैल मेला कीं शेत पडीक राहतें व शेत पडीक राहिलें कीं सारा बुडतो, हें सरकारास नीट कळत होतें. (ती बुळकांडी २०११ मध्यें पृथ्वीवरून कायमची गेली. देवीनंतर मनुष्यानें समूळ उखडलेला हा दुसराच रोग. पण त्याचा उत्सव कोणी केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.) परभणीस कृषि विद्यापीठ व पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ मध्यें आलें, तेंही गाय, बैल व शेळी यांच्यासाठींच. पुढें हें महाविद्यालय नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे गेलें, तरी त्याच्या आवारांत आजही लाल कंधारी व देवणी बैलांची गर्दी दिसते.

शेतकऱ्याच्या जनावराच्या उपचाराला एक नैसर्गिक मर्यादा असते, व ती म्हणजे जनावराची किंमत. २०२२ मध्यें लंपी रोगानें महाराष्ट्रांत गुरें मरूं लागलीं, तेव्हां सरकारनें लस फुकट दिली आणि मेलेल्या जनावरांची भरपाई ठरविली: दुभत्या गाईस ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलास २५,०००, वासरास १६,०००. आंकडे पुरेसे होते कीं अपुरे, हा वाद वेगळा; पण आंकडे होते. बैलाचा डॉक्टर आपलें शुल्क त्या आंकड्याच्या फार पुढें नेऊं शकत नाहीं; नेलें तर शेतकरी कासरा धरून घरीं जाईल. मोतीच्या नांवापुढें सरकारच्या वहींत कांहींच आंकडा नाहीं. ज्याला किंमत नाहीं त्याच्या औषधाला हद्द कशी असणार? हद्द असते ती मालकाच्या जीव लावण्याला, आणि ती कोठपर्यंत जाते हें अजमावण्याची कला कांहीं ठिकाणीं फार वाढीस लागली आहे. 'घरातलाच मेंबर' हा त्या कलेंतला गज आहे. त्यानें तुमच्या प्रीतीचें माप घेतात व तेवढ्या लांबीचें बिल फाडतात.

जनावरावर जीव लावणें हें आम्हीं कांहीं विलायतेहून आणलेलें नाहीं. कुत्र्यानें भाकरी पळविली तेव्हां ती कोरडी खाऊं नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवणाऱ्या नामदेवांची गोष्ट आम्हीं आजीच्या मांडीवर ऐकली. त्यांचें नरसी गांव १९९९ मध्यें हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यांतच होतें. (जिल्हा तोडतां येतो, संत तोडून देण्याची सोय अजून निघालेली नाहीं.) पण एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. नामदेव कुत्र्यामागें धांवत होते, तरी नामदेवांच्या मागें तूप विकणारा कोणी धांवत नव्हता.

आज तो धांवतो आहे, आणि तो कोण आहे हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. ज्या पेडिग्रीची पिशवी आज आमच्या गांवच्या दुकानांतही टांगलेली दिसते, ती बनविणारी मार्स ही अमेरिकन कंपनी मूळची चॉकलेटवाली. तिनें २०१७ मध्यें व्हीसीए ही जनावरांच्या दवाखान्यांची अख्खी मालिका नऊ अब्जांहून अधिक डॉलरना विकत घेतली, व पुढल्याच वर्षीं युरोपांतील आणखी दोन मालिका. म्हणजे पोसावयाचें खाद्य त्यांचें आणि आजारपणचा दवाखानाही त्यांचाच. इंग्लंडांत तर २०१३ मध्यें शंभरांतील दहा दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या हातीं होते, ते दहा वर्षांत साठांच्या घरांत गेले. तेथील स्पर्धा-प्राधिकरणानें २०२३ मध्यें चौकशी आरंभिली, तेव्हां ५६,००० लोकांनीं आपलीं गाऱ्हाणीं व मतें लिहून पाठविलीं. २०१६ ते २०२३ या काळांत उपचारांचे दर सरासरी ६३ टक्क्यांनीं चढल्याचें त्या प्राधिकरणास आढळलें. ऑक्टोबर २०२५ मध्यें त्यानें आपले तात्पुरते निष्कर्ष मांडले. दर उघड प्रसिद्ध करावे, आणि औषध बाहेरून घेण्यासाठीं जी चिठ्ठी लिहून द्यावयाची तिच्या शुल्काला मर्यादा असावी, अशा सूचना त्यांत आहेत. क्रांतिकारक असें त्यांत कांहींच नाहीं. आमचा परभणीचा किराणावाला आपल्या डाळीचा भाव खडूनें पाटीवर लिहीत असतो. जनावरांच्या डॉक्टरांनीं तेवढें करावें असें एका राष्ट्राला चौकशी करून म्हणावें लागलें.

डॉक्टरांच्या बाजूनेंही दोन शब्द बोलले पाहिजेत. नाहीं तर आमच्यांत आणि सुस्कारे टाकणाऱ्या मंडळींत फरक तो काय राहिला! पशुवैद्यकाची पदवी साडेपांच वर्षांची. तिला प्रवेश मिळवावयाचा तर माणसांच्या डॉक्टरकीसाठीं द्यावी लागते तीच परीक्षा द्यावी लागते. रोगी कोठें दुखतें तें सांगत नाहीं, उलट चावतो. सोनोग्राफीचें यंत्र कुत्र्याचें आहे म्हणून कोणी स्वस्तांत देत नाहीं. सरकारी नोकऱ्या मोजक्या. मग कर्ज काढून शहरांत दुकान मांडलेल्या तरुणानें भाडें तरी कोठून भरावें? उत्तम उपचार स्वस्त नसतात, हेंही आम्ही जाणतों. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठीं अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठापर्यंत जावें लागलें होतें. पुढें २०२४ मध्यें टाटा न्यासानें मुंबईस महालक्ष्मी येथें लहान प्राण्यांचें पांच मजली रुग्णालय उघडलें, तें १६५ कोटी रुपये खर्चून. तेव्हां पैसा लागतो, हें कबूल. पण खर्च सांगणें वेगळें आणि भीति घालणें वेगळें. 'हा फोटो काढला तर अमुक कळेल, न काढला तर बहुधा कांहीं बिघडणार नाहीं' एवढें वाक्य उच्चारावयास कोणतें यंत्र विकत घ्यावें लागतें?

या भीतीचा एक परिणाम आम्ही रोज संध्याकाळीं वसमत रस्त्याला फिरावयास जातांना पाहतों. गळ्यांत अजून पट्टा असलेलें एखादें विलायती कुत्रें, अंगावरचे केस गेलेले, उकिरड्याशीं उभें असतें. गांवच्या कुत्र्यांना भुंकावें कसें तें माहीत असतें. याला तेंही येत नाहीं. तें येणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान वर करून पाहतें. त्याच्या मालकाला आम्ही निर्दय म्हणण्याची घाई करणार नाहीं. पहिल्या बिलाला त्यानें दागिना मोडला नसेल कशावरून? दुसरें बिल मागितल्यावर माणसें काय करतात, तें त्या रस्त्यावर दिसतें.

परभणीस परतल्यावर रक्त पुन्हां तपासावयाचें होतें, म्हणून आम्ही मोतीला येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यांत घेऊन गेलों. शुल्क नांवापुरतेंच. थंड हवा नव्हती. कडुलिंबाची सावली होती. तेथें नंबर येईपर्यंत एका साठीच्या शेतकऱ्याशेजारीं बसणें झालें. त्याचा लाल कंधारी बैल टेम्पोंतून उतरवून झाडाला बांधलेला होता. एका शिंगाच्या मुळाशीं रक्त व माशा. शिंगाचा कर्करोग हा आमच्याकडील बैलांचा ओळखीचा आजार आहे. शिंग मुळापासून कापावें लागतें.

'ह्याला काय झालंय, सर?' त्यानें मोतीकडे बोट करून विचारलें.

आम्हीं रोगाचें नांव सांगितलें. त्यानें खर्च विचारला, तोही सांगितला. तो हंसला नाहीं. थोडा वेळ विचार करून म्हणाला, 'एक गोऱ्हा आला असता की त्याच्यात.'

आमचा किंमतीचा सिद्धांत इतक्या लौकर सिद्ध झालेला पाहून आम्हांस बरें वाटलें, आणि आम्हीं त्याच्या बैलाची किंमत विचारली.

'ह्याची? आता कशाची किंमत! दोन वर्सं झाली, कामातून गेलाय. घेनार कोन?' तें खरेंच होतें; २०१५ च्या कायद्यापासून महाराष्ट्रांत बैलाचीही कत्तल बंद आहे, आणि म्हाताऱ्या बैलाला दुसरें गिऱ्हाईक नसतें. पाथरीकडून येण्याजाण्याचे टेम्पोवाल्यानें दीड हजार ठरविले होते. 'पोरगं म्हनलं, कशाला पैसे घालता त्याच्यात. म्या म्हनलं, अकरा वर्सं ह्यानं आपलं रान वाहिलं, त्याचं भाडं कधी देलं का आपन?'

मोती एव्हांना त्याच्या पिशवीला नाक लावून बसला होता. त्यानें पिशवींतून ज्वारीची भाकरी काढली, अर्धी मोडली आणि पुढें केली. 'घे, कोरडीच हाय.' शहरांतल्या त्या पिशवीकडे न पाहिलेल्या आमच्या कुत्र्यानें ती दोन घांसांत संपविली.

तेवढ्यांत आंतून हांक आली. चार विद्यार्थ्यांनीं मिळून बैलाला दावें लावून आडवें घेतलें, आणि म्हातारा त्याच्या मानेशीं उकिडवा बसून राहिला. तासाभरानें तो बाहेर आला, तेव्हां हातांत चिठ्ठी होती. ती आम्हांकडून वाचवून घेतली. दहा दिवसांनीं टाके काढावयास आणावें, असें तिच्यावर लिहिलें होतें.

'म्हंजी अजून दीड हजार,' तो म्हणाला, आणि टेम्पोवाल्याला दहाव्या दिवसाचें सांगावयास उठला.