डॉक्टरांना विचारलेच पाहिजे

आमचे बाबा बर्फाच्या कारखान्यात कामाला. संडासवाटे रक्त जायचे, ते मूळव्याध समजून त्यांनी वर्ष काढले. शेवटी तपासणीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पसरलेला.

शेजारच्या खाटेवरच्या काकांनाही तोच आजार. पण त्यांना सिटुक्सिमॅबचे महागडे इंजेक्शन, बाबांना नाही! गरीब म्हणून डावलले, असे वाटून आम्ही डॉक्टरबाईंना विचारलेच. त्यांनी रिपोर्ट पुढे ठेवला. बाबांच्या गाठीत 'रास' जनुकात बदल होता. अशा गाठीवर ते औषध चालत नाही.

मग बाईंनीच विचारले, काम काय करता? जेवण किती जाते? घरी कोण बघते? बर्फाचे नाव ऐकताच त्या थांबल्या. बाबांना ऑक्झॅलिप्लॅटिन द्यायचे होते. त्याने गार वस्तूला हात लागताच मुंग्या येतात, बधिरपणा येतो. त्यांनी चिठ्ठी दिली. मालकाने बाबांना फाटकावर बसवले. पाणी कोमट, खाणे थोडे थोडे पण वारंवार, असे आता चालू आहे.

बंधूभगिनींनो, रक्त दिसले तर लाजू नका, वेळीच दाखवा. डॉक्टरांना आपले काम, आपली चूल, सगळे सांगा. आणि शंका असेल तर विचारा. तो आपला हक्क आहे.