हमीचा धनी

मोहर्ली, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. अधिकृत विक्रेत्याच्या भावाहून पाऊण लाख कमी मोजून मुंबईतल्या एका दुकानातून घेतलेल्या तुझ्या स्विस घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरली, ते घेऊन तू कंपनीच्या सेवाकेंद्रात गेलास, आणि हमीपत्रिकेवरची विक्रेत्याची जागा कोरी आहे एवढेच पाहून तेथील इसमाने ते विनामूल्य दुरुस्तीस घेण्याचे नाकारले, ही सारी हकीकत वाचून तुझ्या संतापाचे मला नवल वाटले नाही. मात्र तो संताप तू कंपनीवर काढावास, हे मला मान्य नाही.

रोलेक्सने 2015 पासून आणि ओमेगाने 2018 पासून आपल्या घड्याळांस पाच वर्षांची हमी देऊ केली, पण ती देताना घड्याळ आपल्या नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घेतलेले असावे, ही अटही घातली. तुझ्या दुकानदाराचा माल खोटा असेल असे नाही. परदेशातल्या एखाद्या नेमलेल्या विक्रेत्याजवळ न खपलेला साठा पडून राहतो, तो घाऊक व्यापाऱ्याच्या हाती स्वस्तात जातो, आणि तेथून दोनतीन हात बदलून आपल्या बाजारात येतो. घड्याळ तेच, यंत्र तेच, पण कंपनीने ज्याच्यामार्फत वचन द्यावयाचे तो मधला दुवाच या प्रवासात गळून पडलेला असतो. ते पाऊण लाख तुला कोणी दान केलेले नाहीत. त्यांतला काही भाग या गळालेल्या वचनाचीच किंमत होती.

माझी उभी नोकरी वनखात्याच्या लाकूड आगारात गेली, म्हणून ही बाब मला बहुधा तुझ्याहून लवकर उमगते. आलापल्लीच्या जंगलातला सागाचा ओंडका कितीही अस्सल असो, त्याच्या कापावर हातोड्याची खूण आणि गाडीवाल्याजवळ वाहतुकीचा परवाना नसेल, तर तो नाक्यावर अडतोच. लाकूड सागाचे की आडजातीचे, हा प्रश्न त्या वेळी गौण असतो. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम 69 असे, की वादातले वनोपज, उलट सिद्ध होईपर्यंत, सरकारचेच मानावे. आणि याच वळणाचे एक कलम घड्याळांसाठीही आहे! 1962 च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम 123 मध्ये सोन्याच्या बरोबरीने घड्याळांचा नामनिर्देश आहे: चोरट्या आयातीच्या रास्त संशयावरून माल जप्त झाला, तर तो तसा नाही हे शाबीत करण्याचा भार ज्याच्या कब्जात तो सापडला त्याच्यावर. बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना नुकताच निघालेला आणि परदेशी घड्याळाचे वेड घरोघर असलेले, त्या काळातला हा कायदा. पण कलम अद्याप जिवंत आहे. सबब दुकानदाराने पक्की पावती दिली की चिठ्ठीवर आकडा लिहून भागवले, हे मला आधी कळव.

   

अनधिकृत म्हणजे बेकायदा, असेही समजू नकोस. सॅमसंग कंपनीने परदेशातून परभारे प्रिंटर आणून विकणाऱ्यांवर दावा लावला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर 2012 मध्ये अशा विक्रीस मोकळीक दिली, परंतु या मालाला कंपनीची हमी नाही आणि विक्रीनंतरची सेवा आम्हीच देऊ, असे दुकानात ठळकपणे लिहावे, असे विक्रेत्यांस फर्मावले. अमेरिकेतही ओमेगाने कॉस्टको या दुकानावर आपलीच घड्याळे परभारे विकल्याबद्दल दावा लावला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चारास चार असे विभागले, आणि अखेर 2015 मध्ये ओमेगा हरली. बाजार असा मोकळा राहिला खरा, पण त्या मोकळ्या बाजाराचा जिम्मा कंपनीच्या गळ्यात कोणी बांधला नाही.

तेव्हा तुझा झगडा दुकानदाराशी. ‘कंपनीची हमी आहे’ असे त्याने तुला मोबाइलवर लिहून कळवले होते, असे तू म्हणतोस. तसे असेल तर तो मजकूर जपून ठेव, कारण तुझ्या तक्रारीचा सारा जीव त्यात आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये तू राहतोस त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तुला जाता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. आधी मात्र दुकानदारास लेखी नोटीस दे. चावी उघडी ठेवून पाण्यात हात घातलास, असा बचाव तो करील. त्याचे उत्तर खरे असेल तेच दे. दुरुस्तीचा खर्च वाचवलेल्या पाऊण लाखाच्या आतच बसत असेल, तर तो भरून मोकळे होण्यातही कमीपणा नाही. हिशेब करून पाहा.

तोवर कोपऱ्यावरच्या कारागिराकडून घड्याळाचे झाकण उघडवू नकोस. एकदा परक्याचा हात लागला की दुकानदारास आयते निमित्त मिळेल. पावतीची आणि त्या मजकुराची नक्कल मला पाठव, नोटिशीचा मसुदा मी करून देतो.


तुझा काका