भिंग खंय?

कुडाळला आत्याच्या स्वयंपाकघरात मी कॅमेरा उचलला, तशी घावन उलटता उलटता ती थांबली. "आणि भिंग खंय?"

भिंग लावलेलं होतं. कॅननची ४० मिलिमीटरची, एफ २.८ पॅनकेक लेन्स. जाडी २२.८ मिलिमीटर, वजन १३० ग्रॅम. लांबून बघणाऱ्याला कॅमेऱ्याचं झाकणच काढायचं राहिलंय असं वाटतं. आदल्या खेपेला ७०-२०० नेली होती, दीड किलोची. तेव्हा आत्यानं चुलीपुढून न उठताच बजावलं होतं, "ता नळकांडा आधी भायर ठेव." मग सगळे फोटो मी पडवीतून काढले. स्पष्ट आले, डोक्यावरचा केस न् केस दिसतो. पण त्यांतली आत्या दुसऱ्या कुणाच्या घरातली वाटते.

पॅनकेकला पुण्यात धिरडं म्हणता येईल. माझ्या लेखी ते घावनच, आणि घावन म्हणजे आत्याचं. तांदूळ रात्री भिजवायचे, सकाळी गंधासारखे वाटायचे आणि पीठ ताकाइतकं पातळ होईपर्यंत पाणी घालत राहायचं. दाट पिठाचं जे होतं त्याला तिच्याकडे नावच नाही. तवा बिडाचा, तिच्या सासूच्या वेळचा. अर्धा कांदा तेलात बुडवून त्यावरून फिरवायचा, पाण्याचा शिंतोडा मारून तापलाय का बघायचं, मग वाटीनं पीठ कडेकडेनं ओतत मध्यावर यायचं. पसरायचं नाही. पळी लागली की जाळी मोडते. चर्र आवाज होतो, वर झाकण पडतं, आवाज बसला की झाकण निघतं. मे महिन्यात आम्ही पाच-सहा भावंडं ओळीनं पाटावर बसायचो आणि पहिलं घावन कुणाचं यावरून भांडायचो. पहिलं हमखास तव्याला धरायचं. ते फाटकं घावन आत्या स्वतःच्या ताटलीत काढून ठेवायची आणि सगळ्यांचं झाल्यावर, थंड झालेलं, चुलीशीच बसून खायची. इतकी वर्षं समोर असून मला हे चाळिशीनंतर दिसलं. त्या सकाळी फोटोंत ती ताटली आली म्हणून दिसलं.

तिच्या कौलांत एकच काच आहे. तिथून उजेडाचा पट्टा धुरातून खाली उतरतो. एफ २.८, आयएसओ १६००, शटर साठांश सेकंद. ही लेन्स ३० सेंटीमीटरपर्यंत जवळचं टिपते, त्यामुळे तव्याची वाफ भिंगावर आली, पुसली, पुन्हा आली. झूम नाही, तेव्हा पाटच पुढेमागे सरकवायचा. दोन हातांवरून बोलता बोलता फोटो निघत होते, आणि आत्या माझ्याकडे बघत होती, कॅमेऱ्याकडे नाही.

इतकी चपटी लेन्स चाळीसच्या आसपासच का जमते, याचं उत्तर मला फार देखणं वाटतं. एसएलआरमध्ये आरसा उचलला जायला जागा लागते, म्हणून लेन्सचा माऊंट सेन्सरपासून दूर असतो: कॅननमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉनमध्ये ४६.५. भिंग सेन्सरपासून साधारण नाभीय अंतरावर, म्हणजे लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरांवर, बसतं. ४० च्या भिंगाची जागा त्या माऊंटच्या तोंडाशीच येते. कुठे ताणावं लागत नाही, कुठे ढकलावं लागत नाही. २८ किंवा २० ला मागे सरकायला आरसा आड येतो, मग पुढे अंतर्वक्र भिंगं चढवावी लागतात आणि लेन्स लांबते. पेंटॅक्सनं १९७६ मध्येच अशी ४० ची काढली होती, १८ मिलिमीटर जाडीची. २०१२ मध्ये तर ९.२ मिलिमीटरची काढली, वजन ५२ ग्रॅम. ती मला जरा अतीच वाटते. बोटांना धरायला काही उरतच नाही.

सेन्सर लहान असेल तर मात्र ४० घेऊ नका. कॅननच्या तसल्या बॉडीवर तिची चौकट ६४ सारखी आवळते आणि स्वयंपाकघरात पाठ भिंतीला लागते. तिथे लहान सेन्सरसाठीच बनवलेली २४ ची घ्या. तिची जाडीही तेवढीच, २२.८.

जुन्या बाजारात ४० ची मिळाली तर कॅमेऱ्याला लावून, कॅमेरा चालू करूनच फोकसची रिंग तपासा. तिचा फोकस मोटरवर चालतो. कॅमेरा बंद असताना रिंग नुसतीच फिरते, भिंग हलत नाही. लेन्स बिघडलेली नसते.