एका पाटलीचें छायाचित्र

दागिन्यांचें छायाचित्र काढणें हें माणसांचें छायाचित्र काढण्याहून सोपें, अशी माझी पुष्कळ दिवसांची समजूत होती. दागिना ऐन वेळीं डोळे मिटीत नाहीं, कीं ‘माझी डावी बाजू घ्या’ असा हट्टहि धरीत नाहीं. परंतु आईच्या पश्चात् तिच्या दागिन्यांची वांटणी होण्यापूर्वीं त्यांचीं चित्रें घेण्याचें काम भावंडांनीं मजकडे सोंपविलें, आणि पहिल्याच दिवशीं माझा भ्रम पार फिटला.

घांसूनपुसून लख्ख केलेलें सोनें हा आरसाच असतो. पाटलीवर मीं कॅमेरा रोखला, तों तिच्या अंगावर खिडकी, पंखा, पुस्तकांचें कपाट आणि कॅमेऱ्यामागचा मी, अशी सगळी मंडळी दाटीनें उभी! अखेर आईचेंच एक पांढरें सुती पातळ खिडकीवर ताणून बांधलें. त्यांतून गाळून आलेल्या उजेडांत सोनें शांत झालें. पण इतकें, कीं तें पितळेसारखें दिसूं लागलें. मग दोहों बाजूंस काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या, तेव्हां कुठें कडांना उठाव आला. नथीच्या मोत्यांवर मात्र उजेडाचा एक ठिपका हवाच. तो गेला कीं मोती खडूचे मणी वाटतात. जुन्या काळच्या काचांना पिवळा रंग नीट दिसत नसे. म्हणून पणजीच्या चित्रांत तिचें सोनें काळवंडलेलें आहे. सर्व रंगांची जाण असलेल्या काचा १९०६ सालीं विक्रीस आल्या, तरी त्या रूढ व्हायला पुढें बरींच वर्षें लागलीं.

पाटली एकच होती. दुसरी माझ्या कॉलेजच्या फीसाठीं विकली गेली, हें मला फार उशिरां कळलें. भाचा म्हणाला, “मामा, संगणकावर हिची जोडी करून देतों. कुणाला ओळखूंसुद्धां यायचें नाहीं.”

ओळखूं येणार नाहीं, हेंच तर मला नको होतें.

ती पाटली आपण मागून घ्यावी, असें एकदां माझ्या मनांत आलें होतें. पण ती बहिणीकडे गेली, हेंच योग्य झालें. पाटलीला मनगट हवें. मजकडे चित्र आहे. त्यांत पाटलीशेजारची जागा मीं रिकामीच ठेवली आहे. काळ्या पट्ट्यांतूनहि सोन्याच्या वळणावर माझा चेहरा पुसटसा उमटला आहे. तो घालविण्यासाठीं मीं दुसरें चित्र घेतलें नाहीं. दुसरी पाटली कोठें गेली, याचा हिशेब त्या चित्रांत बिनचूक मांडलेला आहे.