तराफ्यावरची तार

तिला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. रेडिओच्या मोहिमेतलं बाकीचं सामान आपापल्या खोक्यात, फोममध्ये जपून येतं. अँटेनाची तार मात्र वेटोळं होऊन पिशवीच्या तळाशी पडलेली असते. तिला वर धरायला कुणीतरी लागतं, मग तो माड असो, डोलकाठी असो की नुसता बांबू. पण एकदा का तिला उंची मिळाली, की टॉर्चच्या दिव्याएवढ्या शक्तीचा संचसुद्धा ती महासागरापलीकडे ऐकवते.

तिचा हट्ट एकच, लांबीचा. ७ मेगाहर्ट्झवर बोलायचं तर अर्ध्या तरंगाची तार सुमारे २० मीटर हवी, १४ मेगाहर्ट्झवर १० मीटर. मापात चुकलात तर संचाने दिलेली शक्ती ती त्याच्याकडेच परत पाठवते आणि एसडब्ल्यूआर मीटरचा काटा वर चढतो. ते जमवलं, की मग ती फार सोशीक. इन्सुलेटर हरवला तर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर तिचं भागतं. झाडावर चढणारं कुणी नसेल तर गलोलीने शिसं बांधलेली मासेमारीची दोरी फांदीवरून टाकायची आणि तिच्यामागून तार ओढून घ्यायची. वाऱ्यात माड डोलतो, म्हणून तिला थोडी ढील ठेवावी लागते, नाहीतर पहिल्याच वावटळीत ती तुटते. तुटली तरी टोकं खरवडून, पीळ देऊन, डाग दिला की पुन्हा कामाला लागते. खाऱ्या हवेत तिचे सांधे हिरवे पडतात, तेही चाकूने घासून साफ करता येतात. बिघडलेला संच निर्जन बेटावर दुरुस्त करायला सुटे भाग लागतात. तिला दुरुस्त करायला फक्त हात लागतात, आणि म्हणून मोहिमेच्या सामानात माझा सर्वांत जास्त विश्वास तिच्यावर आहे.

तिचा कस लागलेला पाहायचा तर १९४७ सालच्या पॅसिफिकमध्ये जायला हवं. २८ एप्रिलला पेरूच्या कायाओ बंदरातून थोर हेयरडाल आणि त्यांचे पाच सोबती बाल्साच्या ओंडक्यांच्या 'कॉन-टिकी' तराफ्यावरून निघाले. तराफ्यावर हौशी रेडिओ केंद्र होतं, त्याचा संकेत एलआय२बी. संचांची शक्ती जेमतेम ६ वॉट. वीज बॅटऱ्यांची आणि हाताने फिरवायच्या जनित्राची. तराफ्याची लांबी १४ मीटरच्या आत, डोलकाठी नऊ मीटरच्या आत, म्हणजे ७ मेगाहर्ट्झची अख्खी तार तिथे सरळ ताणायला जागाच नव्हती.

तिला सांभाळणारे दोघेही साधे नव्हते. क्नूट हाउगलंड आणि टॉर्स्टाइन रॉबी हे युद्धकाळातले नॉर्वेचे गुप्त रेडिओ-चालक. रॉबीने जर्मन युद्धनौका 'टिरपिट्झ'च्या बातम्या महिनोन् महिने इंग्लंडला पाठवल्या, त्याही जर्मन अधिकाऱ्याने स्वतःच्या रेडिओसाठी उभारलेल्या अँटेनाला आपला लपवलेला संच जोडून. तार कुणाच्या मालकीची आहे हे तिला कळत नाही, तिला फक्त लांबी कळते. शत्रूच्या छपरावरही ती रॉबीशी इमानाने वागली.

पॅसिफिकवर मात्र तिने या दोघांना दमवलं. त्यांनी ती पतंगाला बांधून वर चढवली, तर वाऱ्याच्या झोतात पतंग कोसळला आणि तार पाण्यात गेली. मग फुगा आणला. उष्ण कटिबंधातल्या उन्हाने फुग्याला भोकं पडली आणि तोही समुद्रात बसला. तिसरं संकट कुणाच्याही यादीत नसणार. कायाओहून बरोबर घेतलेला एक हिरवा पोपट होता, त्याला तारेवर चढून ती कुरतडायची भारी आवड. एकदा तो दोन दिवस काही खाईना, मरगळून बसला. त्याच्या विष्ठेत तारेचे सोनेरी तुकडे चमकताना दिसले, तेव्हा त्याला रागे भरलेले दोघे रेडिओवाले मनातून ओशाळले.

त्यातच अँडीज पर्वताच्या आडोशाचा मुका पट्टा लागला. सुरुवातीचे जवळपास दोन आठवडे शॉर्टवेव्हवर काही म्हणजे काही येईना, आणि यात तारेचा दोष नव्हता. मोहिमेवरचा हा सर्वांत कठीण प्रसंग असतो. सगळं नीट असतं, मीटर बरोबर सांगतो, आणि तरी उत्तर येत नाही. अननुभवी माणूस अशा वेळी चांगली बांधलेली तार सोडून काढतो. हाउगलंड आणि रॉबी तिला वर ठेवून रोज हाक देत राहिले. एका रात्री लॉस एंजेलिसच्या एका हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, ती हाक ऐकली. तो खरं तर स्वीडनमधल्या कुणाला शोधत होता. समोरचा माणूस पॅसिफिकमधल्या तराफ्यावर, बांबूच्या झोपडीत बसलाय, हे पटायला त्याला थोडा वेळ लागला. तिथून पुढे हवामानाची माहिती अमेरिकेला रोज जाऊ लागली, आणि ऑगस्टमध्ये नॉर्वेचा राजा हाकोन पंचाहत्तर वर्षांचा झाला तेव्हा तराफ्यावरून ऑस्लोला शुभेच्छाही पोचल्या.

आजच्या मोहिमांकडे खूप ताकदीची यंत्रं असतात, पण समुद्र तोच आहे. २०२३ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या बर्फाळ बूवे बेटावर गेलेल्या हॅम चमूला किनाऱ्यावर सामान उतरवणं इतकं अवघड झालं की सुरक्षा-पोशाख घालून लाटांतून दोराने ओढत थोडंच साहित्य वर नेता आलं. जड सामान बोटीवर राहिलं, आणि बेटावर हलक्या, साध्या अँटेनांवर काम भागवावं लागलं. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम साथीदार अंदमानात होते. बऱ्याच वर्षांनी तिथून हौशी प्रसारणाला परवानगी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्यांना साद घालत होते. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन बंद पडले, आणि त्यांच्याच रेडिओ केंद्राने मुख्य भूमीशी निरोपांची ये-जा सुरू केली. दोन अँटेनांच्या मध्ये एक्स्चेंज नाही, टॉवर नाही, तुटायला काही उरलेलंच नाही. ही गोष्ट मला कोणत्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते.

पुन्हा १९४७ कडे वळू. 'कॉन-टिकी' १०१ दिवसांनी, ७ ऑगस्टला रारोइया बेटाच्या प्रवाळी खडकांवर आदळला. धडकेआधी रारोटोंगाच्या एका हॅमला सांगून ठेवलं होतं, की ३६ तासांत आवाज आला नाही तर मदतीची हाक दे. संच पाण्याने निथळत होते. दोघांनी ते उघडून उन्हात वाळवले, जनित्र फिरवलं, आणि अगदी मुदतीच्या कडेला त्यांचा आवाज बाहेर गेला.

काही दिवसांनी बेटावरचे लोक त्यांना आपल्या गावात घेऊन गेले. तिथे सहा वर्षांचा एक मुलगा तापाने फणफणला होता, डोक्यावर मोठं गळू झालं होतं. मोहिमेच्या पेटीत पेनिसिलिन होतं, पण एवढ्या लहान मुलाला ते किती द्यायचं हे सहापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तार पुन्हा टांगली गेली. रात्री लॉस एंजेलिसचे ओळखीचे हॅम मिळाले, त्यांनी डॉक्टरला फोन लावला. मुलाची लक्षणं आणि पेटीतल्या औषधांची यादी मोर्सच्या टिंबरेघांतून तिकडे गेली, औषधाचं प्रमाण इकडे आलं. मुलगा बरा झाला.