उन्हाळी

आपल्या बायकांनी एका दुखण्याला मोठे सोज्ज्वळ नाव दिले आहे: उन्हाळी! लघवीला होणारी आग या नावाखाली बाराही महिने झाकली जाते. माझी मावशी वर्षातून तीनचारदा धन्याचे पाणी पीत मुकाट बसे. पुढे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढून तिला हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कुठे पुरुषमंडळींना पत्ता लागला.

यात तिचा दोष तो काय? स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, आतड्यातले ई. कोलाय जंतू तेवढी वाट सहज चढतात.

१९६८ च्या सुमारास या जंतूंवर एक जोडगोळी आली: को-ट्रायमोक्साझोल. ४०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल, ८० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम. आपल्याला फोलेट अन्नातून आयते मिळते; जंतूंना ते स्वतः रांधावे लागते. एक औषध या स्वयंपाकाची एक पायरी अडवते, दुसरे पुढची. चूल विझवायची आणि वर भांडेही पालथे घालायचे!

पण जंतूही शिकतात. भारतात आज कित्येक ई. कोलाय या जोडीला दाद देत नाहीत. म्हणून उरलेली गोळी किंवा शेजारणीची चिठ्ठी उपयोगाची नाही. दुखणे फिरून आले, की लघवीची कल्चर तपासणी करावी, दिवस गेले असल्यास किंवा सल्फाचे वावडे असल्यास आधी सांगावे, आणि ठरलेल्या गोळ्या पुऱ्या कराव्यात.

त्यासाठी आधी तोंड उघडायला हवे. फराळाच्या ताटाभोवती गुडघेदुखीला मानाचा पाट मिळतोच. यंदा तिच्या शेजारी उन्हाळीलाही बसू द्या.