खडकावरची नावं

शिलालेख वाचणारा माणूस भर दुपारी खडकापाशी जात नाही. डोक्यावरच्या उन्हात बारीक ओरखडे बुजतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात तेच उठून दिसतात. सिनाईच्या वाळवंटात सेंट कॅथरीनच्या मठाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर वादी हज्जाज नावाची घळ आहे. तिथल्या वालुकाश्मावर नबाती आणि ग्रीक लेखांच्या सोबतीने आर्मेनियन अक्षरंही आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले अभ्यासक मायकेल स्टोन यांनी सिनाईतले असे लेख 1982 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

मजकूर म्हणावा तर किरकोळ. कुणाचं नाव, एखादा क्रूस, देवाकडे दयेची याचना. ताम्रपट वाचायची सवय असलेल्याला हे फारच कोरडं वाटेल. पण ताम्रपट लेखनिक लिहितो. इथे बहुधा वाटसरूने स्वतःच दगड खरवडलेला असतो.

खरी झटापट काळाशी. मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन लिपी 405 च्या सुमारास सिद्ध केली. तिची अक्षरंच अंक म्हणूनही चालतात आणि आर्मेनियन कालगणना 552 पासून सुरू होते. लेखात साल सापडलं, की त्यात 551 मिळवले, झालं! पण घाईतला यात्रेकरू साल कशाला घालतो? मग उरतं अक्षरांचं वळण, आणि तेही फसवं. जुनी ठळक धाटणी शतकानुशतकं टिकली; शिवाय खरबरीत दगडावर गोलाई काढताना हात अडतो, कमान सरळ होऊन बसते.

त्यापेक्षा भरवशाची साक्ष उत्खननातल्या थराची. नाझरेथला जुन्या चर्चच्या अवशेषांत मिळालेले आर्मेनियन ओरखडे थरांच्या आधारे पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातले ठरले. म्हणजे लिपी जन्माला येऊन जेमतेम काही दशकं झाली होती, आणि तिच्यात नाव कोरणारे तिथवर पोचले होते!

हातांची ओळख पटवणं आणखी अवघड. जेरुसलेमच्या होली सेपल्कर चर्चमध्ये, आर्मेनियन ताब्यातल्या सेंट हेलेना प्रार्थनागृहाच्या भिंती लहान-लहान क्रुसांनी भरल्या आहेत. प्रत्येक यात्रेकरूने आपापला क्रूस कोरला, असा समज होता. अमित रीएम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिजिटल तंत्राने रेघांची खोली तपासली, तेव्हा मोजक्याच कारागिरांचे हात दिसले. यात्रेकरूंकडून पैसे घेऊन ते क्रूस कोरून देत असावेत, असा त्यांचा कयास आहे.

असे निष्कर्ष निघतात ते खाच जशीच्या तशी राहिली तरच. तेव्हा लेण्यात किंवा गडावर एखादं पुसट अक्षर दिसलं, तर त्यात खडू किंवा पीठ भरू नका. संध्याकाळपर्यंत थांबा आणि बाजूने टॉर्च धरून फोटो घ्या.